‘हात धुतलेस का?’ हे किती वर्षं विचारायचं?

पत्र

ताई, नमस्कार.

मला आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी आहे. मुलाला स्वयंपाकघराची भारी हौस. पीठ मळायला हवं, भाजी निवडायला हवी, ढवळायला तर हवंच हवं. पण हात धुतो म्हणजे नळाखाली नुसते दाखवतो आणि चड्डीला पुसतो. कच्चं पीठ तोंडात टाकतो, चाटलेला चमचा परत पातेल्यात घालतो, खाली पडलेलं ‘पाच सेकंदांच्या आत उचललं’ म्हणून खातो. सुट्टीच्या आधी दप्तरात राहिलेला डबा सुट्टी संपल्यावरच उघडतो. मध्यंतरी घरात सगळ्यांना जुलाब-उलट्या झाल्या, तेव्हापासून मी फारच मागे लागले. जंतू पोटात कसे जातात याचे व्हिडिओ दाखवले, भीतीही घातली. मुलगा ढिम्म. मुलगी मात्र आता प्रत्येक घासाला ‘यात जंतू आहेत का?’ विचारते, दुसऱ्यांच्या घरी काही खात नाही आणि सारखी हात धुते. सासूबाई म्हणतात, मातीत लोळूनच मुलं घट्ट होतात, आमची नाही का वाढली? मला वेड लागायचं तेवढं बाकी आहे. दप्तरात सॅनिटायझर द्यावं का, तेही सांगा.

– हात धुऊन मागे लागलेली आई

उत्तर

हात धुऊन मागे लागलेल्या आईस,

तुमची सही वाचून आधी हसू आलं. एवढ्या वैतागातही विनोद सुचतोय, म्हणजे घर अजून ताळ्यावर आहे.

पत्रात दोन उलट तक्रारी आहेत. शिकवण एकच, एकाच्या कानावरून गेली, दुसरीच्या मनात नको तितकी रुतली. मुलांचं त्यात काही चुकलेलं नाही. भीतीचं असंच असतं. जे मूल बिनधास्त आहे त्याला ती शिवत नाही आणि जे हळवं आहे त्याला सोडत नाही. म्हणून पहिलं काम आजच करा: ते व्हिडिओ बंद. दात विचकणारे हिरवे जंतू, पोटात भाले खुपसणारे जंतू, सगळे. आठ वर्षांच्या मुलाला ते कार्टून वाटतं आणि पाच वर्षांच्या मुलीला खरं.

मुलापासून सुरुवात करते, कारण त्याचं सोपं आहे.

माझा अंदाज असा की तो हात धुतो, पण तुम्ही ओरडल्यावर. ‘जेवायला बसायचंय’ या गोष्टीशी त्याच्या डोक्यात हात धुण्याचा काही संबंध जुळलेलाच नाही. जुळलाय तो तुमच्या आवाजाशी. आई ओरडली की धुवायचे. नाही ओरडली तर प्रश्नच मिटला. उद्या तो सहलीला जाईल, मित्राकडे राहील, तिथे तुमचा आवाज कुठून येणार? सवय लावायची म्हणजे आठवण करून देण्याचं काम तुमच्या तोंडाकडून काढून घ्यायचं आणि जागेवर, वस्तूंवर सोपवायचं. माझ्या उत्तरातली मोठी गोष्ट एवढीच. बाकी तपशील.

हे नुसतं माझं मत म्हणून घेऊ नका. बांगलादेशातल्या ग्रामीण भागातल्या दोन प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. मुलांना कसलंही व्याख्यान दिलं नाही. स्वच्छतागृहापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत वाट आखून तिच्यावर पावलांची चित्रं रंगवली आणि हात धुवायच्या जागी पंजे रंगवले. आधी साबणाने हात धुणारी मुलं १०० पैकी जेमतेम ४ होती. रंगकाम पूर्ण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ६८ झाली आणि सहा आठवड्यांनी पाहिलं तर ७४. पावलं दिसली की मुलं त्यांच्यावर पाय ठेवत चालतात, आणि वाट जिथे संपते तिथे नळ आहे. मुलांचा स्वभाव ओळखून केलेली गंमत आहे ही, आणि तिला उपदेशाची गरज पडली नाही.

आता तुमच्या घरातलं बेसिन मुलांच्या उंचीवरून बघा. खरंच गुडघ्यांवर बसून बघा. नळापर्यंत हात पोचायला टाचा उंचवाव्या लागतात का? हात वर धरल्यावर पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळून बाही भिजते का? भिजत असेल तर कुठलंही मूल दोन सेकंदांत काम उरकणार. साबणाची वडी मोठी आणि बुळबुळीत असेल तर पाच वर्षांच्या हातात ती मावत नाही, निसटून खाली पडते, मग रडारड. वडी सुरीने अर्धी करा, किंवा दाबायची बाटली ठेवा. पायाखाली न डगमगणारं स्टूल ठेवा. आणि टॉवेल खाली, त्यांच्या हाताला लागेल असा अडकवा. तुमचा मुलगा चड्डीला हात पुसतो तो बहुधा टॉवेल वर आहे म्हणून. पुसणं ही वरवरची गोष्ट नाही बरं. ओल्या हातांना जंतू लवकर चिकटतात आणि ओल्या हातांवरून दुसरीकडेही लवकर जातात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून बेसिनपर्यंत पावलं चिकटवायची असतील तर ती मुलांनाच कापू द्या. वेडीवाकडी झाली तरी चालतील.

नियमही थोडे करा. ‘सारखे हात धू’ हा नियम कुणालाच पाळता येत नाही, मोठ्यांनाही. मुलांना दोन ‘आधी’ आणि तीन ‘नंतर’ पुरतात. खाण्याच्या आधी, आणि स्वयंपाकाला हात लावण्याच्या आधी. संडासाहून आल्यानंतर, नाक शिंकरल्यानंतर, आणि कच्च्या अंड्याला, मांसाला, माशाला किंवा केरकचऱ्याला हात लागल्यानंतर. बाहेरून, मातीतून आलेलं मूल थेट खायला बसणार असेल तर ते पहिल्या ‘आधी’त आलंच. मधल्या वेळात हात कळकट राहिले तर राहू देत. खेळणाऱ्या मुलाचे हात कळकटच असतात.

हे रुजेपर्यंत सुरुवातीचे काही दिवस तुम्ही स्वतः त्याच्याबरोबर बेसिनपाशी जा आणि तुमचेही हात धुवा. बोलू नका. मग बरोबर जाणं थांबवा, फक्त विचारा, ‘आता आधी काय?’ उत्तर त्याला देऊ द्या. त्यानंतर तेही विचारू नका, नुसतं ताट वाढायचं थांबा आणि त्याच्याकडे बघा. हळूहळू बघण्याचीही गरज उरत नाही. मधे एखादा दिवस विसरेल. विसरला तर परत एक पायरी मागे या, बोलणी नकोत. चांदण्या चिकटवायचे तक्ते लोक सुचवतात, मला ते फारसे पटत नाहीत. चांदण्या संपल्या की सवयही संपते. त्यापेक्षा त्याला मोठ्यांना पकडायची मुभा द्या. बाबा हात न धुता डब्यातलं काही उचलताना सापडले तर त्याने बेधडक टोकावं, आणि बाबांनी मुकाट्याने उठून बेसिनपाशी जावं. ‘मोठ्यांना शिकवतोस का?’ हे वाक्य त्या घरात ऐकू आलं तर मी वर लिहिलेलं सगळं पाण्यात.

आता धुण्याबद्दल. साबण जंतूंना मारतो असं आपण मुलांना सांगतो, पण साबणाचं मुख्य काम वेगळं आहे. हातावर तेलकटपणाचा एक पातळ थर असतो आणि जंतू त्यात अडकून बसतात. नुसतं पाणी त्या थरावरून घसरून जातं. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि चोळल्यावर तेल, मळ, जंतू सगळं सुटून पाण्याबरोबर वाहून जातं. पाणी गरम असो की गार, फरक पडत नाही. चोळण्याने पडतो. किमान २० सेकंद. आवडत्या गाण्याचं तेवढं कडवं त्यालाच निवडू द्या.

हे पटवायला एक खेळ करा. त्याच्या तळहातांवर चमचाभर तेल चोळा, वर काळी मिरीची बारीक पूड भुरभुरवा. आधी नुसत्या पाण्याने धुवायला सांगा. पूड हलणारही नाही. मग साबण लावून नेहमीसारखे, म्हणजे त्याच्या पद्धतीने झटपट. तळवे निघतील, पण अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला काळे ठिपके राहतील. त्या जागा त्याच्या त्याला सापडल्या पाहिजेत, तुम्ही दाखवू नका. बोटांची टोकं नेमकी राहून जातात आणि खाण्याला लागतात तीच. खेळ झाल्यावर डोळे चोळू देऊ नका, एवढी काळजी घ्या.

मिरीचाच दुसरा खेळ तुम्ही पाहिला असेल: ताटलीतल्या पाण्यावर मिरीपूड टाकायची आणि साबणाचं बोट बुडवायचं, की पूड सैरावैरा कडेला पळते. बघायला झकास. पण ती करामत पाण्याच्या पृष्ठताणाची, म्हणजे पाण्याच्या वरच्या थरातल्या ताणाची आहे, स्वच्छतेची नाही. मुलाला वाटतं साबण नुसता दाखवला की जंतू पळतात, आणि तुमचे चिरंजीव आधीच नळाला हात दाखवून मोकळे होणाऱ्यांपैकी. तो खेळ टाळलेला बरा.

चाटलेला चमचा आणि कच्चं पीठ. चमच्याबद्दल आधी स्वतःला विचारा: तुम्ही चव कशी बघता? डावेतलं थोडं चाखून डाव परत भांड्यात, असं करत असाल तर मुलगा तुमचंच बघून शिकलाय. डावेतून वाटीत थोडं काढायचं, चव वाटीतून घ्यायची, वाटीतलं परत भांड्यात जायचं नाही. पुस्तकातल्यासारखं वाटेल, पण पंधरा दिवसांत हाताला वळण पडतं. मुलासाठी एक छोटी वाटी ‘चवीची वाटी’ म्हणून वेगळी ठेवा आणि ‘मीठ बरोबर आहे का, सांग’ म्हणून त्याला मुद्दाम बोलवा. अधिकार मिळाला की शिस्त फुकट येते.

कच्च्या पिठाचं पुष्कळांना माहीत नसतं. पीठ कोरडं, पांढरं, निरुपद्रवी दिसतं, पण ते कच्चं अन्न आहे. धान्य शेतातून येतं, दळलं जातं, आणि जंतू मरतील असं त्याच्यावर सहसा काही झालेलं नसतं. ते पुढे भाजताना-शिजवताना मरतात. केकच्या मिश्रणात वर कच्चं अंडंही असतं, त्यातून साल्मोनेला नावाचा जंतू येऊ शकतो. तेव्हा कच्चं पीठ आणि भांड्याला लागलेलं मिश्रण चाटायचं नाही. यात सूट नको. पण नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही. शिजून आलेला पहिला तुकडा ढवळणाऱ्याचा, असं ठरवून टाका.

अंडी तो फोडत असेल तर फोडल्याबरोबर हात धुवायचे, मग पुढचं काम. घरात मांस-मासे होत असतील तर त्यांची चिरायची फळी आणि सुरी वेगळी आणि फळं-सॅलडची वेगळी, हे त्याला आत्ताच कळू दे. कोंबडी नळाखाली धुण्याची पद्धत असेल तर ती सोडा. धुण्याने जंतू जात नाहीत, उलट त्याचे शिंतोडे शेजारच्या भांड्यांवर उडतात. ते मरतात शिजवण्यानेच. फळं मात्र वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, साबण न लावता, आणि साल काढून खायची असतील तीही. सालीवरचं सगळं सुरीबरोबर आत जातं. फळं धुण्याचं काम तुमच्या पाच वर्षांच्या मुलीला उत्तम जमेल, आणि तिला ते का द्यायचं ते पुढे सांगते.

पाच सेकंदांचा नियम! हा जगभरच्या पोरांना कोण शिकवतं कोण जाणे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात याची रीतसर तपासणी झाली, तीही २०१६ मध्येच जाहीर झाली. निष्कर्ष असा की जंतू एका सेकंदाच्या आतही खाण्याला लागू शकतात. जास्त वेळ पडून राहिलं तर जास्त लागतात हे खरं, पण त्याहून महत्त्वाचा ठरला ओलेपणा. कलिंगडाच्या फोडीला सर्वांत जास्त लागले, चिवट जेलीच्या गोळीला सर्वांत कमी. मुलाला हे सांगा, त्याला आवडेल. सांगून झाल्यावर नियम साधा ठेवा: पडलं ते गेलं. पुसलेल्या फरशीवरचा कोरडा तुकडा आणि रस्त्यावर पडलेली ओली फोड यांत फरक आहे, मान्य. पण तो फरक करण्याचं काम आठ वर्षांच्या मुलावर सोपवलं की त्याला सगळ्याच फरशा पुसलेल्या दिसतात.

यापुढचा भाग मोठ्यांच्या घरातही कच्चा असतो, म्हणून जरा थांबते. अन्न वासावरून कळतं असा आपला समज आहे. आंबूस वास आला तर फेकतो, नाही आला तर खातो. पण वास आणणारे जंतू आणि आजारी पाडणारे जंतू हे बऱ्याचदा वेगळे असतात. दुसऱ्या जातीचे भरपूर वाढलेले असले तरी अन्न दिसायला, वासाला, चवीला अगदी ठीक असू शकतं. तिथे नाकाऐवजी घड्याळ कामाला येतं. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणजे ओट्यावर ठेवलेलं अन्न नेमकं त्यांच्या सोयीच्या जागी असतं. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. फ्रीजमधलं परत खाताना वाफा येईपर्यंत आतपर्यंत गरम करायचं.

‘गरम केलं की सगळं मरतं’ हेही पूर्ण खरं नाही. भाताचं उदाहरण घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक, झोपलेलं रूप, असू शकतात आणि ते भात शिजूनही तगतात. भात बाहेर बराच वेळ कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि एक विष तयार करतात. ते विष नंतर गरम करून जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट डब्यात काढून लवकर गार करायचा आणि फ्रीजमध्ये टाकायचा.

हे काम मुलाकडे द्या. जेवणं झाली की उरलेल्याच्या डब्याला चिकटपट्टी लावून तारीख-वेळ लिहिणं, आणि दोन तासांचा गजर लावणं. त्याला गणित आवडत असेल तर एक कोडं घाला: एका जंतूचे, परिस्थिती अनुकूल असेल तर, सुमारे २० मिनिटांत दोन होतात; तर सात तासांनी किती? वही-पेन्सिल घेऊन बसेल. १, २, ४, ८, तासाला आठपट, इथवर तो कंटाळलेला असेल. चार तासांना ४,०९६ आल्यावर ताठ बसेल. सात तासांना उत्तर २०,९७,१५२ येतं. ते त्याने स्वतः काढलं तर पुन्हा त्याला भात आत ठेव म्हणून सांगावं लागणार नाही. मात्र हे कोडं मुलगी झोपल्यावर घाला.

एक नियम तुमच्या मागच्या आजारपणाशी संबंधित आहे. ज्याला जुलाब-उलट्या होत आहेत त्याने स्वयंपाकाला हात लावायचा नाही, आणि त्या थांबल्यावरही पुढचे ४८ तास नाही. बरं वाटायला लागलं तरी जंतू शरीरातून बाहेर पडत असतात. हा नियम मोठ्यांनाही लागू, आणि घरात सगळ्यांत जास्त तोच मोडला जातो, कारण आजारी आई उठून ओट्यापाशी उभी राहते. त्या दोन दिवसांत दुसऱ्या कुणीतरी रांधावं. बोट कापलं असेल तर झाकणारी पट्टी लावल्याशिवाय अन्नात हात नाही. जखमेत आणि निरोगी माणसांच्या नाकातही स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू राहतो, अन्नात तो विष करतो आणि तेही उकळून जात नाही. नाकात बोट घालून परत पिठात हात, ही सवय का तोडायची ते आता वेगळं सांगायला नको.

सासूबाईंकडे वळते. त्या निम्म्या बरोबर आहेत, आणि तो निम्मा भाग त्यांना मोठ्याने मान्य करा. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं की ज्यांना मोठी भावंडं जास्त त्यांच्यात परागकणांमुळे होणारी सर्दी-शिंकांची अ‍ॅलर्जी कमी. त्यावरून, लहानपणी जंतूंशी संबंध आला तर शरीराची प्रतिकारयंत्रणा नीट घडते, असा विचार पुढे आला. नंतर त्यात सुधारणा होत गेल्या. आज अभ्यासक साधारण असं मानतात की उपयोगी जंतू मिळतात ते माती, झाडं, प्राणी, इतर मुलं यांच्या सहवासातून. संडासातून हातावाटे तोंडात गेलेल्या किंवा कच्च्या मांसातून आलेल्या जंतूंनी कुणी घट्ट होत नाही, आजारी पडतं. म्हणजे लोळू देत मातीत, आणि खायच्या आधी हात धुवू देत. दोन्हींत भांडण नाहीच.

‘आमची नाही का वाढली’ याला उत्तर देऊ नका. जी वाढली नाहीत ती सांगायला येत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यांनाही, पण ते सुनेने बोलून दाखवायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेला अंदाज फक्त तुमच्या माहितीसाठी: दूषित अन्नातून होणाऱ्या आजारांचा ४० टक्के भार पाच वर्षांखालच्या मुलांवर पडतो आणि दरवर्षी त्यातली १,२५,००० दगावतात. सासूबाईंना हे आकडे ऐकवण्यापेक्षा एक काम द्या: नातवंडं मातीतून आली की बेसिनपर्यंत नेणं आजीकडे. आजीच्या हातचा साबण आईच्या हातच्यापेक्षा नेहमीच कमी झोंबतो.

आता मुलगी. मला खरी काळजी तिची वाटते.

ती ‘यात जंतू आहेत का?’ विचारते तेव्हा तुम्ही काय उत्तर देता ते लिहिलेलं नाही, पण बहुतेक आया म्हणतात, ‘नाही गं राणी, मी सगळं धुतलंय.’ प्रेमाने म्हणतात, आणि मूल त्या घासापुरतं शांत होतं. पुढच्या घासाला परत विचारतं. दिलासा मिळत गेला की तो मागण्याची सवय वाढते, भीती काही कमी होत नाही. शिवाय उत्तर खोटं आहे. जंतू असतातच. तिला खरंच सांगा: जंतू सगळीकडे असतात, आपल्या पोटातही असतात, बहुतेक काही करत नाहीत, काही तर कामाचे असतात, दुधाचं दही तेच करतात. थोडे त्रासदायक असतात, त्यांच्यासाठी आपण हात धुतो आणि अन्न शिजवतो. ते केलं की आपलं काम संपलं.

संपलं, हे तिला शिकवायचं आहे. तुमच्या मुलाला हात धुण्याची सुरुवात जमत नाही, हिला शेवट. एकदा साबण, एक कडवं, पुसले, झालं. लगेच परत धुवायला निघाली तर अडवून वाद घालू नका. हाताला धरून जेवायला घेऊन या, विषय बदला. जेवताना प्रश्न आला तर एकदाच शांतपणे म्हणा, ‘हात धुतलेत, ताट स्वच्छ आहे, जेवण गरम आहे, मग?’ आणि ‘जेवायचं’ हे तिला म्हणू द्या. दुसऱ्यांदा विचारलं तर ‘तुला माहितीये’ एवढंच. तिसऱ्यांदा काहीच नाही. पहिले काही दिवस ती जास्त विचारेल, चिडेलही. टिकून राहा, आणि घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच असू द्या.

फळं धुण्याचं काम तिला द्यायचं ते याचसाठी. ज्याची भीती वाटते त्यावर हाताने काही करता आलं की धीर येतो. तिने धुतलेली फळं सगळ्यांनी तिच्यासमोर खावीत. ‘किती स्वच्छ!’ म्हणून कौतुक नको, ‘किती गोड!’ म्हणा. आणि बाहेर खाण्याची सुरुवात तिच्या लाडक्या माणसाच्या घरी, एखाद्या छोट्या गोष्टीने करा, मोठ्या पंगतीत नको. तुम्हीही तिच्यासमोर सारखा ओटा पुसणं कमी करा. ती बघते आहे.

हे करूनही महिनाभरात फरक दिसला नाही, हात धुऊन धुऊन कातडी लाल पडायला किंवा फाटायला लागली, खाणं कमी होऊन वजन घटलं, किंवा धुण्यापायी शाळा-खेळ राहायला लागले, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. थांबून बघू असं करू नका. या वयात यावर चांगला इलाज होतो आणि तो लवकर झालेला बरा.

सॅनिटायझरचं विचारलंत. ६० टक्के किंवा जास्त अल्कोहोल असलेली छोटी बाटली मुलाच्या दप्तरात चालेल, पण पाणी-साबण नसेल तेव्हासाठीच. मळलेल्या, तेलकट हातांवर ते नीट चालत नाही आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरससारख्या काही विषाणूंवर फारसा परिणाम करत नाही. मुलीच्या दप्तरात सध्या मुळीच देऊ नका.

डब्याला उपदेश लागत नाही, जागा लागते. दप्तर ठेवण्याच्या ठिकाणी टांगू नका. घरात आल्यावर ते आधी स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवायचं, डबा काढून ओट्यावर, मग दप्तर आत. डबा त्याचा त्याने उघडायचा, उरलेलं टाकायचं, घासायला ठेवायचा. सुट्टीच्या आदल्या दिवशी विसरला आणि नंतर उघडला तर तो धुणारही तोच. झाकण उघडताना तुम्ही शेजारी उभ्या राहा, पण नाक तेवढं दुसरीकडे करा आणि काही बोलू नका.

– तुमची, ताई